मी कोण, सांग पाहू?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी येणारा पाहुणा परीक्षक होऊन येतो. चपला काढता काढताच त्याचा पहिला प्रश्न तयार असतो. ‘काय, ओळखलंस का? मी कोण, सांग पाहू?’ आवाज उगाचच चढवलेला. मग दुसरा प्रश्न, सकाळी जेवायला काय होतं? मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट, हा कोण? पलंगावर बसलेली बाई आधी हसते, मग पदर सारखा करते, मग घरातल्या कुणाकडे तरी पाहते. पाहुण्याचा चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘फारच गेलंय हो आता.’ हे वाक्यही तिच्यासमोरच.

माझ्या मावशीनं उभा जन्म परीक्षा घेण्यात घालवला. वाईच्या एका प्राथमिक शाळेत ती शिकवायची. पाढे, शुद्धलेखन, पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे फिरवून वेळ सांगणं. तोंडी परीक्षेला मूल अडलं की ती पहिलं अक्षर पुरवायची. इतर बाई तिला म्हणायच्या, तुम्ही उत्तरच सांगता. ती म्हणायची, त्याला येत होतं, फक्त सापडत नव्हतं.

आता तिला कुणी पहिलं अक्षर पुरवत नाही.

या आजाराचा इतिहासच मुळी प्रश्नोत्तरांनी सुरू होतो. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. आधी तिला त्याचा संशय येऊ लागला, मग घरातल्या वस्तू ती दडवून ठेवू लागली, स्वयंपाक बिघडायला लागला. दुसऱ्या दिवशी तिथला डॉक्टर आलॉइस अल्झायमर टिपणं घेत तिच्यासमोर बसला. नाव काय? आउगुस्ट. आडनाव? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? तेही, जरा चाचरत, आउगुस्टच. पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, तर म्हणाली पालक. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तेव्हा तेही पुरतं उमटेना. त्या धडपडीत ती म्हणून गेली, मीच मला हरवून बसलेय. शंभरावर वर्षं झाली, या आजाराबद्दल याहून नेमकं कुणी बोललं आहे असं मला वाटत नाही.

ती १९०६ च्या एप्रिलमध्ये गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. तिचा मेंदू त्यानं तिकडे मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पेशींच्या बाहेर साचलेली पुटं दिसली आणि पेशींच्या आत तंतूंच्या गाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यानं हे सगळं मांडलं, तर श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही! पुढे १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिननं आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. आउगुस्टची मूळ फाइल मात्र गहाळ होती. ती १९९५ साली फ्रँकफुर्टमध्येच सापडली.

डॉक्टरांचे प्रश्न लागतातच, त्याला इलाज नाही. १९७५ पासून जगभर एक तीस मार्कांची छोटी परीक्षा चालत आली आहे. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिनं पंचकोन कुठून काढायचे? म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी ही प्रश्नपत्रिका निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदीत नव्यानं बेतली. मावशीला पेन्सिलीची अडचण नव्हती. डॉक्टर म्हणाले, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तिनं वर्तुळ असं काढलं की कंपासची गरज नाही. मग आकडे लिहायला घेतले, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले. डावी बाजू कोरी. कागद तिनं दोन्ही हातांनी पुढे केला, तपासायला देतात तसा.

पण डॉक्टरांनी तेवढ्यावर निकाल लावला नाही, हे महत्त्वाचं. आधी रक्त तपासलं, कारण बी-१२ कमी असेल, थायरॉइड मंद असेल तरी माणूस असाच हरवल्यासारखा होतो, आणि शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्या माणसांत बी-१२ ची बोंब नवी नाही. मग स्कॅन. कधी तरी न्हाणीघरात घसरून डोक्याला मार लागलेला असतो, तो कुणाच्या लक्षात नसतो, आणि आत रक्त साकळत जातं. मग औषधांची पिशवी पलंगावर उपडी करून एकेक पाहणं. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या या वयात बुद्धीवर पडदा टाकतात. नैराश्यानंही माणूस विसराळू होतो. आणि दोन दिवसांत एकाएकी बडबड, भ्रम सुरू झाला तर तो बहुधा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हेच. लघवीचा संसर्ग असतो, नाहीतर सोडियम उतरलेलं असतं. यातलं बरंचसं बरं होण्याजोगं असतं. ‘वयच झालंय’ म्हणून सोडून दिलेल्या किती म्हाताऱ्यांचं नुसतं थायरॉइडवर भागलं असतं, कोण जाणे.

मावशीचं तेवढ्यावर भागलं नाही. तिचा अल्झायमर. ती पुटं, त्या गाठी पहिलं नाव विसरण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासूनच साचायला लागलेल्या असतात. म्हणजे ती नोकरीत होती, हजेरी घेत होती, तेव्हापासून. काहींचा डिमेन्शिया रक्तवाहिन्यांमुळे येतो. रक्तदाब, साखर, मग बारीकसारीक झटके, आणि माणूस पायरी पायरीनं उतरतो. काहींना नसलेली मुलं, नसलेली मांजरं घरात दिसतात. त्याचं कारण आणखी वेगळं. लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि हिशेब केला की जगातल्या जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शियाचा संबंध त्यांच्याशी आहे. यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा, प्रदूषित हवा आहेच, पण कमी ऐकू येणंही आहे. आपल्याकडे चष्मा लावतात कौतुकानं, आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवतात लाजेनं.

शिक्षणही त्या यादीत आहे; म्हणजे लहानपणी शाळा न मिळणं. भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायका जास्त, खेड्यातले लोक जास्त. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. ६७८ जणी, बहुतेक शिक्षिका. सगळ्यांनी मेल्यावर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यातली एक १०१ वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत तल्लख. मेंदू उघडला तर पुटंच पुटं. शिकणं-शिकवणं यांनी मेंदूत वाटा वाढतात म्हणतात. लक्ष्मी रस्ता बंद असला तरी पुणेकर बोळाबोळांतून मंडईत पोचतोच, तसं काहीसं. हे ऐकून कुणीतरी मावशीच्या लेकीला, माझ्या मावसबहिणीला, मोबाइलवर सल्ला पाठवला: आईंना रोज शब्दकोडी द्या. अहो, तिनं चाळीस वर्षं मुलांना शिकवलं! हा काही सौदा नाही, की इतकं भरलं म्हणजे इतकं मिळालंच पाहिजे. बोळही एक दिवस बंद होतात.

पण सगळे एकदम होत नाहीत. नवी आठवण जिथं घडते तो भाग आधी बिघडतो, म्हणून सकाळचं जेवण जातं आणि वाईचा घाट राहतो. हातांची सवय तर मेंदूच्या निराळ्याच भागांत मुरलेली असते. मावशीला मुलीचं नाव सापडत नाही, पण कोथिंबिरीची जुडी पुढे टाकली की पिवळं पान अचूक बाजूला पडतं. ती वाती वळते. कपड्यांच्या घड्या घालते, आणि त्याच मोडून पुन्हा घालायला दिल्या तरी तिला चालतं. गॅसपाशी मात्र तिला एकटी सोडत नाहीत. शेगडीची मुख्य कळ ओट्याखाली बंद असते.

दिवेलागणीला तिची चुळबूळ सुरू होते. ‘घरी जायचंय.’ हे अनेकांचं असतं. संध्याकाळ झाली की जीव जागेवर राहत नाही. मावसबहीण आधी समजूत घालायची, आई, हेच घर आहे, पुण्याचं, बाबांनी बांधलं. त्यावर मावशी म्हणायची, बाबा कुठायत? की तिला रोज नव्यानं सांगायचं की ते गेले, आणि तिनं रोज नव्यानं रडायचं. हे थांबवलं सांभाळायला ब्युरोतून आलेल्या ताईनं. मराठवाड्याकडची, शिक्षण जेमतेम, या आजाराचं नावही तिला धड उच्चारता येत नाही. ती मावशीला ‘बाई’ म्हणते. घरी जायचंय म्हटलं की म्हणते, ‘बाई, एवढ्या वह्या तपासून होऊ द्या, मग मी सोडते तुम्हाला.’ आणि चौथीतल्या आपल्या मुलीची वही पुढ्यात ठेवते. मावशी चष्मा पुसते. लाल पेन घेते. ‘अक्षर काय हे! कुणाची आहे?’ पाणीमधला ऱ्हस्व ‘णि’ तिला अजून खुपतो. कधी सगळं पान बरोबरच्या खुणांनी भरून टाकते, कधी नुसतं पेन धरून बसते. तेवढ्यात वरण-भाताची वेळ होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, संस्कृतचा एक विद्वान होऊन हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाष यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला या माणसाची पदवी ठाऊक नाही, काल काय होता तेही ठाऊक नाही. म्हणून त्याच्याकडून काही वसूल करायचं नाही. घरच्यांना हे जड जातं. त्यांचं येणं असतं त्या आठवणींत.

मावसबहिणीचा स्वतःचा रक्तदाब आता गोळीवर आहे. ताईच्या सुटीच्या दिवशी ती दाराबाहेर दहा मिनिटंही जाऊ शकत नाही, आणि दोघे भाऊ फोनवर मात्र ‘आईला दे’ म्हणतात आणि विचारतात, ओळखलं का. औषधांबद्दल विचाराल तर आहेत. जुन्यांनी थोडा आधार मिळतो, नव्या इंजेक्शनांनी पुटं कमी होतात पण आजाराच्या अगदी सुरुवातीलाच, आणि वेग थोडासाच मंदावतो. बाकी सगळं काम घरातल्या बाईचं. बहुतेक घरांत ती बाईच असते.

मावसबहिणीनं आता एक केलं आहे. पाहुणा दारात आला की आधीच सांगते, विचारायचं नाही, आपलं नाव आपणच सांगायचं. ‘मी अमुक, तुमच्या वर्गात होतो.’ काहींना राग येतो. एक मामा तर हट्टालाच पेटले, मला विसरणं शक्यच नाही म्हणाले. तिनं त्यांच्या आणि मावशीच्या मध्ये मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. अर्धा किलो मटार सोलून होईपर्यंत मावशीनं मामांचं नाव घेतलं नाही. पण त्यांचे दाणे सुपाबाहेर सांडत होते, त्यावरून दोनदा रागावली, आणि सत्तरी ओलांडलेले मामा वाकून, गुडघ्यावर हात ठेवत, ते वेचायला लागले.