मळवली ते मळवली

आमच्या नानांचे आणि घरातल्या नळाचे गेली कित्येक वर्षे हाडवैर आहे. दात घासताना कोणी नळ वाहता ठेवला की नाना आपल्या खोलीतून गरजतात, "बंद करा तो!" भाजी धुतलेले पाणी कुंडीत गेले नाही तर सूनबाईंची धडगत नसते. आम्ही चिंचवडला राहतो. म्हाताऱ्या माणसाला एखादा छंद असायचाच, असे म्हणून आम्ही हा छंद इतकी वर्षे चालवून घेतला. त्यामागे काही कारण असेल हे कधी मनात आले नाही, आणि ते विचारायला सवड तरी कोणाला होती?

तर या नानांनी २०२५ च्या होळीला, पुरणपोळीचा दुसरा घास घेता घेता जाहीर केले, "या रविवारी मळवलीला जायचे. भाजे, लोहगड, विसापूर करून परत मळवली. एका दिवसात होते. मी केलेले आहे."

"केव्हा?" मी विचारले.

"एकोणीसशे सत्तर साली."

नानांचे वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे हे खरे, पण ते बागेत. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी ताटाकडे पाहिले. आमची ठकी नववीत आहे, तिने तेवढ्यात "मी येणार" म्हणून टाकले. घरात मतदान झाले असते तर दोन-दोन मते पडली असती, पण नानांचे मत आमच्याकडे दुहेरी धरतात.

रंगपंचमी होऊन गेल्यावरच्या रविवारी सकाळची लोणावळा लोकल पकडून आम्ही मळवलीला उतरलो. हवेत अजून गारवा होता. स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेकडे तोंड केले की समोर डोंगराची भिंतच उभी राहते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर आणि दोघांच्या मध्ये दाबल्यासारखी गायमुख खिंड. पाठीमागे इंद्रायणीचे खोरे आणि त्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर. ही डोंगराची ओळ म्हणजे इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांमधला बांध. अलीकडचे पाणी इंद्रायणीला, पलीकडचे पवनेला.

गावाकडे जाताना मुंबई-पुणे एक्स्प्रेस हायवे ओलांडावा लागतो. पुलाखालून गाड्या सूं सूं करीत जात होत्या. नाना कठड्याशी थांबले. "हा तेव्हा नव्हता," म्हणाले, आणि मग जरा थांबून, "इथून पुढे, बऊरजवळ, याच रस्त्यावर गोळीबार झाला होता." ९ ऑगस्ट २०११ ची गोष्ट. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी रस्त्यावर बसले होते. पोलिसांच्या गोळ्यांनी तिघे गेले, त्यांत एक बाई. मला हे वर्तमानपत्रात वाचल्याचे अंधूक आठवत होते. त्या दिवशी सकाळी मीही अंघोळ करूनच कामावर गेलो असणार.

भाज्याच्या लेण्यांविषयी लिहायचे तर अंकाची पाने पुरणार नाहीत. बावीस लेणी, वय दोन हजार वर्षांहून अधिक. पण चैत्यगृहात शिरल्यावर मान वर करून छताकडे जरूर पाहावे. दगडाच्या कमानीला आत लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत. इतके पावसाळे, इतकी राज्ये येऊन गेली, पण ते सागवान जागचे हललेले नाही. आमच्या ब्लॉकच्या दाराला तीन वर्षांत वाळवी लागली, हे सौ.ला तिथे आठवलेच. खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी घर उभारताना जसे कललेले खांब लावीत तसेच दगडातही कोरले. शेवटच्या बाजूच्या विहारात रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र आहे. ठकीने इंद्राच्या हत्तीचे फोटो काढले, आमचे काढायचे विसरली.

लेण्यांपासून खिंडीची वाट चढणीची, पण सोसवेल अशी. वसंत म्हणजे काय ते त्या वाटेवर समजले. शहरात आपल्याला वसंत कळतो तो आंब्याच्या जाहिरातींवरून. इथे पळस पेटला होता, पांगाऱ्याला पान नाही आणि फूल मात्र मावेना. कुसुंबाला तांबडी कोवळी पालवी फुटलेली. ती लांबून फुलेच वाटते आणि जवळ गेल्यावर फसल्याची गंमत वाटते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या आणि त्यांचा वास वळणावळणावर थांबवत होता. कुठे तरी तांबट पक्षी एकसारखी टुक टुक करीत होता. खाली खाचरांतून धूर उठत होता. ठकी म्हणाली, "आजोबा, आग लागली!"

"आग नव्हे, राब भाजताहेत," नाना म्हणाले. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवतात. तण जळते, राख मातीत मिसळते आणि पावसाच्या तोंडावर त्यात बी पडते. आपण वाण्याकडून कौतुकाने आणतो तो इंद्रायणी तांदूळ या मावळातलाच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली ते वाण बाहेर आले. नाना मात्र आंबेमोहोराचे, तेव्हा आळीच्या टोकापर्यंत भाताचा वास जायचा म्हणतात. या वादात मी पडत नाही.

खिंडीत पोचल्यावर सौ.ने नानांची नाडी पाहिली. तिला नाडीतले काही कळत नाही, पण नानांनी मुकाट्याने हात पुढे केला.

लोहगडवाडीतून गडाला चांगल्या पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ येतात आणि वाट त्यांच्यामधून सापासारखी वळत जाते. खालून येणारा माणूस कुठल्याही वळणावर वरच्या तटावरच्या माऱ्यात सापडावा, अशी ही रचना. सुरतेच्या लुटीची संपत्ती या गडावर ठेवली होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा मोगलांकडे गेला आणि १६७० साली परत आला. नाना फडणीसांनीही आपले धन इथेच ठेवले आणि वर सोळा कोनांचे तळे बांधले. आमच्या या सहलीनंतर चारच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत लोहगड आहे. आता तिथे गर्दी किती वाढली असेल कोण जाणे. आम्ही गेलो तेव्हा गर्दी होती ती माकडांची. त्यांतल्या एका हुप्प्याने दुसऱ्या दरवाज्याशी माझ्या हातातली पिशवी हिसकावून नेली. तीत संत्री होती आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. संत्र्यांचे आम्हांला दुःख झाले. पाण्याचे व्हायला हवे होते.

गडाच्या पश्चिमेला विंचवाच्या नांगीसारखी लांबच लांब सोंड गेली आहे, तिला विंचूकाटा म्हणतात. सगळे तिकडे धावतात. नाना मात्र दक्षिणेच्या कड्याकडे गेले आणि खाली पाहत उभे राहिले. खाली पवनेचा जलाशय पसरला होता, निळा, स्वच्छ, काठाला तांबूस मातीची रुंद किनार. पलीकडे तुंग आणि तिकोना. चित्रासारखे दृश्य. मी "वा!" म्हणालो.

"आत्याचे गाव तिथे होते," नाना म्हणाले.

"कुठे?" ठकीने विचारले.

"पाण्यात."

मग तिथे बसून नानांनी जे सांगितले ते मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी ऐकले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मळवलीला उतरून याच खिंडीतून पलीकडे पायी आत्याकडे जात. मोटाररस्ता नव्हता. आत्या खिंडीपर्यंत माणूस पाठवी, त्याच्याजवळ ताकाची लोटी असे. १९७० साली ते शेवटचे गेले तेव्हा धरणाचे काम चालू होते. येताना मित्रांबरोबर दोन्ही गड करून मळवलीला आले, ते हेच चक्कर. पुढे दोनेक वर्षांत पाणी आले. आत्याला दुसरीकडे जावे लागले आणि तिथे ती फार दिवस जगली नाही.

"आणि धरणातून सोडलेले पाणी नदीने रावेतला येते, तिथून आपल्या नळाला," नाना म्हणाले. बस्स, एवढेच. ठकी नळाविषयी काही बोलणार होती, पण बोलली नाही.

खिंडीत परत आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. शहाणपणा असता तर तिथूनच खाली उतरलो असतो. सौ. तसे म्हणालीही. पण नाना म्हणाले, "अर्धे चक्कर म्हणजे चक्कर नव्हे," आणि कड्यावरच्या त्या गोष्टीनंतर मला नाही म्हणवेना. माझी चूक ती हीच. वाडीत लिंबूसरबत घेतले आणि दोनच बाटल्या भरल्या. विसापूरवर टाकी पुष्कळ आहेत, असे मी पुस्तकात वाचले होते.

टाकी पुष्कळ आहेतच. त्यांतल्या पाण्यावर हिरवी साय होती.

विसापूर लोहगडापेक्षा दीडशे-पावणेदोनशे फूट उंच, आणि पसरट. वर भले मोठे पठार, त्याला भक्कम तटबंदी, चुन्याच्या घाणीचे दगडी चाक पडलेले, आणि सावली म्हणाल तर नावाला. ही उंचीच लोहगडाला भोवली. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांनी विसापूर घेतला. शेजारच्या उंच गडावर शत्रू बसल्यावर लोहगड लढवणार कसा? तोही लगेच सोडावा लागला. मग इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे पाडून टाकले. उतरायची वाट शोधताना या इतिहासाचा अर्थ आम्हांला पायांनी कळला. दरवाजा नाही म्हणजे वाट नाही, नुसती दगडधोंड्यांची घळ. त्यातून उतारावरचे गवत वणव्याने जळून काळे झालेले. पायवाटेची खूण राखेत पुसून गेली होती.

तीन वाजले. पाणी संपले. आम्ही एका काळ्या उतारावर उभे होतो, खाली कडा होता की नाही ते दिसत नव्हते, आणि नाना एका दगडावर बसले ते उठेनात. चेहरा पांढराफटक. "थोडे गरगरते आहे," म्हणाले. सौ. पदराने वारा घालू लागली. मोबाइलला रेंज नव्हती. माझ्या मनात त्या वेळी काय काय आले ते इथे लिहीत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसालाही आपला बाप कायमचा आहे असे वाटत असते, एवढेच.

वरच्या अंगाने लाकडाची मोळी घेऊन एक बाई येत होत्या. साठीच्या असतील. आम्हांला पाहून त्यांनी मोळी उतरवली, कमरेची प्लास्टिकची बाटली काढली आणि काही न विचारता नानांच्या हाती दिली.

"एकदम नगा पिऊ बाबा. घोट घोट घ्या. आन् हितं उन्हात कशापायी बसलाय? त्या कातळाच्या सावलीला चला."

अर्धा तास नाना त्या सावलीत पडून होते. रंग परतला तशी चौकशीही सुरू झाली.

"माहेर कुठले तुमचे?"

"माज्या म्हायेरचं काय घेऊन बसला? पवन मावळात व्हतं. धरणात ग्येलं."

नानांनी आत्याच्या गावाचे नाव सांगितले. बाईंचे गाव त्याच्या शेजारचे निघाले. मग दोघांचे जे बोलणे सुरू झाले त्यात आम्हांला जागा नव्हती. कुठल्या वळणावर कोणता आंबा होता, जत्रा कुठल्या पाराशी भरे, नदीला उतार कुठे होता. बाई तेव्हा पाच-सात वर्षांच्या असतील, पण आंब्यांची नावे त्यांना नानांपेक्षा अधिक ठाऊक होती.

"ऱ्हाता कुठं?" त्यांनी मला विचारले.

"चिंचवडला."

"मंजी माज्या म्हायेरचं पानी तुमी पिता," बाई म्हणाल्या आणि मोकळेपणाने हसल्या. मला हसता आले नाही.

त्यांनी आम्हांला पाटण गावापर्यंत उतरवून आणले. डोक्यावर मोळी, पायांत रबरी चप्पल, आणि मागे वळून वळून नानांना हात देत. गावात त्यांच्या अंगणात आम्ही तांब्या तांब्या पाणी प्यालो. मी पैसे काढले ते त्यांनी घेतले नाहीत. सौ.ने मात्र त्यांच्या नातीच्या हातात काही ठेवले, ते बायकांच्या रीतीने झाले म्हणून चालले.

मळवलीला संध्याकाळची लोकल खच्चून भरून आली. एका कॉलेजच्या मुलाने नानांना जागा दिली आणि ते तळेगाव यायच्या आतच झोपले. घरी आल्यावर सौ. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. डॉक्टर जे बोलले ते वेगळेच.

उन्हाळ्यात पवनेचे पाणी उतरले की एरवी बुडालेले वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. मे महिन्यात नानांना तिथे घेऊन गेलो, आणि पाटणच्या बाईंनाही बरोबर नेले. पण ती सहल मोटारीची, आणि या चक्करात बसत नाही. तिची हकिगत पुन्हा केव्हा तरी.