घुबड आधी, बाकीचे नियम नंतर

नवख्यांना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ शिकवताना जादूचा सोबती प्राणी पहिल्याच बैठकीत द्यावा, असं माझं ठाम मत झालंय. २०१४च्या नियमांत हा पहिल्या पातळीचाच मंत्र आहे: पितळी शेगडीत १० सुवर्णनाण्यांचा कोळसा, धूप आणि वनौषधी जाळायच्या, तासभर मंत्र म्हणत बसायचं.

आज भाचीने घुबड मागितलं. तिच्या जादूगाराला बंद दारापलीकडे जायची भीती वाटत होती. मग घुबडच खिडकीतून आत शिरलं. ते १०० फुटांच्या आत असेल तर त्याच्या डोळ्यांनी पाहता येतं, पण तेवढा वेळ जादूगाराला स्वतःला काही दिसत नाही की ऐकू येत नाही. हे कळताच तिने शेजारच्या भिडूला विचारलं, “तोवर माझ्याकडे लक्ष ठेवशील ना?” या प्रश्नासाठी मी सगळा खेळ मांडते.

घुबड हल्ला करू शकत नाही, जीवही जेमतेम एका गुणाचा. मेलं तरी मंत्राने परत येतं, हे मी मुलांना आधीच सांगते. त्याशिवाय ती त्याला मोकळेपणाने उडू देत नाहीत.

धाकट्याला आता बेडूक हवाय.