पाच गोळ्यांचा पुरावा

रायफलची काडतुसं घरी बसून भरणं हा अमेरिकेत बऱ्यापैकी मोठा छंद आहे. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, नवा प्रायमर ठोकायचा, दारू (बंदुकीची हो!) तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. लांब पल्ल्याचे नेमबाज यात रात्रीच्या रात्री घालवतात. कशासाठी? तर प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने सुटावी म्हणून.

आता म्हणाल, थोडा फरक पडला तर काय बिघडतं? १०० यार्डांवर काहीच नाही. पण १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गणित बदलतं. ६.५ क्रीडमूरची गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी निघते आणि तिथे पोचेपर्यंत २५ फुटांहून जास्त खाली येते. वेग २० फुटांनी कमी झाला की ती अजून सुमारे ५ इंच खाली लागते. एफ-क्लास स्पर्धेत या अंतरावर सगळ्यात आतलं वर्तुळच मुळी ५ इंचांचं असतं!

म्हणून मंडळी दारूचं वजन, पुंगळीची पकड, प्रायमरचा ब्रँड, एकेक गोष्ट बदलून बघतात. पाच गोळ्या झाडायच्या, क्रोनोग्राफवर वेग बघायचा. स्टँडर्ड डेव्हिएशन आधी १४ होतं, आता ८ आलं. झालं, नवी रेसिपी जिंकली!

इथे माझ्यातला इंजिनियर अडखळतो. पाच गोळ्यांवरून डेव्हिएशन १० आलं, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की खरा आकडा ६ ते २९ च्या मधे कुठेतरी आहे. म्हणजे ८ आणि १४ यांत फरक आहे असं म्हणायला काही आधारच नाही. तीस गोळ्या झाडल्या की हीच रेंज ८ ते १३ वर येते. सर्वात जलद आणि सर्वात मंद गोळीतला फरक बघणं तर आणखी फसवं, कारण जितक्या जास्त गोळ्या झाडाल तितका तो वाढतच जातो.

'दारू वाढवली तरी वेग वाढत नाही' अशी जादूची जागा शोधणारेही आहेत. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून बघा. दर पायरीला वेग १० फुटांनी वाढवा, वर १० डेव्हिएशनचा रँडम गोंधळ मिसळा. दहा पायऱ्यांत अशा सरासरी दोन 'जागा' आपोआप सापडतात. बंदूक नसताना!

अडचण खरी आहे. प्रत्येक चाचणीगोळीने नळी झिजते, आणि नळीचं आयुष्य काही हजार गोळ्यांचंच असतं. त्यावर साधा उपाय म्हणजे सरावाच्या गोळ्याही मोजायच्या. एकाच रेसिपीचे वेगवेगळ्या दिवसांचे गट, प्रत्येकाचं डेव्हिएशन त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून काढून, एकत्र करायचे. तापमानाने सरासरी सरकली तरी हिशेब बिघडत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी पाच रिक्वेस्ट मारून "सर्व्हर फास्ट झाला" असं सांगितलं, तर त्यालाही तीसचा आकडा विचारा.