पुरचुंडी

पिंप्राळ्याहून मुंबईस निघालो की आई कळण्याची भाकर नि ठेचा बांधून देई आणि दादा बजावीत, "बाहेरचं खाऊ नकोस." मी मान डोलावी आणि बोरीबंदरला उतरलो की थेट धोबीतलावावरचे कयानी गाठी. १९०४ सालापासूनचे हे इराण्याचे दुकान. तेथे ब्रूनमस्का चहात बुडवून खावा. शेजारी पारशी आहे की भैया, ते पाहू नये. दुपारी माटुंग्याला रामा नायकांच्या बोर्डिंगात केळीच्या पानावर रसम-भात. रसमाचा ओघळ पानाबाहेर जाऊ न देण्याची विद्या मला, एम.ए. असूनही, अजून साधलेली नाही!

एकदा दादाच डोळे तपासून घ्यायला मुंबईस आले. दुसऱ्या दिवशी भाकर वाळून खडखडीत झाली. भीतभीतच त्यांना एका इराण्याकडे नेले. बराच वेळ ते समोरच्या चहाकडे पाहत बसले. मग पुरचुंडी सोडून त्यांनी भाकरीचा तुकडा चहात बुडवला. पोऱ्याने पाहिले आणि न सांगताच दुसरा कप आणून ठेवला. तोही संपला.

घरी आईने विचारले, "बाहेरचं काही खाल्लं नाहीत ना?"

"छे! भाकरच खाल्ली," दादा म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता पाय धुवायला गेले.