चष्म्याच्या पलीकडचा माणूस

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हटलं की बऱ्याच जणांना अजून २०१६ मधला पोकेमॉन गोच आठवतो. विषय मात्र त्याहून बराच म्हातारा आहे. हार्वर्डमध्ये असताना आयव्हन सदरलंडने डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला आणि १९६८ साली त्यावर पेपर लिहिला. घालणाऱ्याला खऱ्या खोलीत नुसत्या रेघांचा घन तरंगताना दिसायचा. मान कुठे वळली हे मोजणारा दांडा थेट छताला टांगलेला! पुढे १९९० च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेलने ह्या प्रकाराला आजचं नाव दिलं. तिथली गरज अगदी कामगाराची होती: विमानाच्या वायरींचे जुडगे बांधताना कुठली वायर कुठून न्यायची, ते डोळ्यांसमोरच दिसावं.

मी पोटापाण्यासाठी हेच करतो. मान हलली तरी चित्र टेबलावर जागच्या जागी राहिलं पाहिजे. काही मिलिसेकंद उशीर झाला की ते डुलायला लागतं आणि बघणाऱ्याला गरगरतं. आमची सगळी मोजमापं अशी. सगळी चष्मा घालणाऱ्याची. समोरच्या माणसासाठी आमच्याकडे आकडाच नाही.

तो प्रश्न विचारणारेही आहेत म्हणा. २०१४ साली युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी कॅफेंमध्ये असा चष्मा घालून माणूस बसवला आणि आजूबाजूच्या ३१ जणांना विचारलं, कसं वाटलं? कुणाला काही फरक पडला नाही, कुणाला ते खटकलं. आणि मागणी काय, तर रेकॉर्ड करण्याआधी आम्हाला विचारा. 

आणि २०२४ मध्ये, पुन्हा हार्वर्डच, दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा रे-बॅन मेटा चष्मा, चेहरा शोधणारी वेबसाइट आणि एक लँग्वेज मॉडेल जोडून दाखवलं. अनोळखी माणसाकडे बघायचं आणि नाव-पत्ता फोनवर. धोका कळावा म्हणून केलं होतं, कोड त्यांनी दिला नाही. पण त्यात नवीन असं काहीच नव्हतं हो, सगळे सुटे भाग आधीच दुकानात होते. २०२५ पासून तो चष्मा आपल्याकडेही मिळतो.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे. पण एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्यातून वगळलाय. म्हणजे कँटीनमध्ये समोर बसलेला हौशी चष्मेवाला बहुधा सुटला.

दुकानदार तसा सुटत नाही. गेल्या आठवड्यात एका क्लायंटने विचारलं, "दारातून आत आलेलं गिऱ्हाईक जुनं आहे का, मागच्या वेळी काय घेतलं, हे सेल्समनच्या चष्म्यात दाखवता येईल?" येईल. तीन महिन्यांत येईल. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला विचारायचं कुणी? आमचे साहेब म्हणाले, "अरे, दाराशी बोर्ड लावू की."

बोर्ड! आपल्याकडे 'येथे गाडी लावू नये' ह्या बोर्डाखालीच गाड्या असतात.

एस्टिमेट सोमवारी द्यायचंय. त्यात मी 'गिऱ्हाइकाची परवानगी, आणि नाही म्हणाल्यास चेहरा न शोधणे' अशी वेगळी ओळ टाकलीय, बारा दिवसांची. साहेबांनी अजून फाइल उघडलेली नाही. बघू, कितीचे किती उरतात ते.