उमराहची बॅग आणि भरल्या अंगाची माणसं

उमराहला जायचं ठरलं की घरात याद्या येऊ लागतात. मोहल्ल्यातून जो जो जाऊन आला, त्याची एक यादी असतेच. सात सूट घ्या, दोन बुरखे घ्या, एक स्वेटर, एक जादा एहराम. आणि काही राहिलंच तर तिथं सगळं मिळतं, काळजी करू नका. आमच्याकडे अशा पाच याद्या जमल्या होत्या. पाचही चांगल्या मनानं दिलेल्या, आणि पाचही सडपातळ माणसांनी लिहिलेल्या.

भरल्या अंगाच्या माणसाचं गणित निराळं असतं. आम्ही ते काट्यावरच मांडून पाहिलं. मध्यम बांध्याच्या आमच्या भाचीचा सुती सूट ओढणीसकट ५५० ग्रॅम भरला. तसल्याच कापडाचा आमच्या खालाचा सूट ८५० ग्रॅम. सात सूट म्हटले तर भाचीचे चार किलोच्या आत आणि खालाचे सहा किलो. घडी घालून ठेवले तर खालाच्या सुटांनीच निम्मी बॅग भरते. बॅग मात्र दोघींना सारखीच. विमान कंपनी माणसाचा सूट पाहून सामानात सूट देत नाही.

दुसरी गोष्ट उसनवारीची. बारीक बाईचा कपडा भिजला, फाटला, तर खोलीतल्या तिघींपैकी कुणाचा तरी तिला होतो. आपल्याला कुणाचाच होत नाही. आणि तिसरी, ‘तिथं सगळं मिळतं’ ही. मिळतं, पण ज्याला मिळतं त्याला. म्हणून आमचं म्हणणं असं की जाड माणसानं कपडे कमीच न्यावेत, पण प्रत्येक कपडा असा असावा की त्यावर डोळे मिटून भिस्त ठेवता येईल.

आम्ही म्हणजे सोलापूरच्या दोघी बहिणी, आमची खाला आणि थोरले भाईजान. चौघंही अंगानं चांगले भरलेले. जानेवारीतला १५ दिवसांचा प्रवास होता, आधी मक्का मुकर्रमा आणि मग मदीना मुनव्वरा. खालाचं वय ६३. ती गेली कित्येक वर्षं हैदराबादला सख्ख्या बहिणीकडेसुद्धा गेली नव्हती. गुडघ्यांचं निमित्त सांगायची, पण खरं कारण आम्हाला माहीत होतं. बसमध्ये शेजारी बसणारा कसा बघतो, लग्नघरात कपडे बदलायला जागा कशी नसते, याचंच तिला ओझं. उमराहचे पैसे तिनं स्वतः भिशीतून जमवले होते. पासपोर्ट आला, व्हिसाचं काम सुरू झालं, आणि एके दिवशी म्हणाली, “तुम्ही जाऊन या. माझ्यासाठी दुआ करा.” फार विचारल्यावर बोलली, “एवढ्या लोकांत कपडा उसवला तर मी काय करू?”

तेव्हा बॅग भरायला सुरुवात या प्रश्नापासून झाली. याद्या बाजूला ठेवल्या आणि टेलरमास्तरांकडे गेलो.

प्रत्येकीसाठी चार कमीज, चार पायजमे आणि दोन बुरखे ठरवले. यातला एक जोड आणि एक बुरखा अंगावर, बाकीचे बॅगेत. चुण्यांच्या सलवारी बाद केल्या. त्यांच्या घेरातच दीड-दोन मीटर कापड जातं, ओल्या झाल्या की वाळत नाहीत आणि वुजूच्या वेळी घोळ सांभाळता सांभाळता जीव जातो. त्याऐवजी सरळ, सैल पायजमे. त्यांना मियानी मोठी घालून घेतली, कारण जाड माणसाचा पायजमा नेहमी तिथंच उसवतो. मास्तरांनी शिलाईही दुहेरी मारली. कमीजच्या बगलेत चौकोनी तुकडा टाकला, म्हणजे हात वर केला तरी कापड ताणत नाही. कंबरेला नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही. लांबच्या बसप्रवासात पोट आणि पाय सुजल्यासारखे होतात, तेव्हा नाडी सैल सोडता येते. मक्केहून मदीना सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. त्या दिवशी या नाडीला आम्ही फार दुवा दिल्या.

कापड पातळ सुती घेतलं, मलमलीपेक्षा किंचित जाड. बुरखे निदाच्या कापडाचे. ते हलकं असतं, चुरगळत नाही आणि धुतल्यावर लवकर वाळतं. रंग सगळे एकमेकांवर चालतील असे, म्हणजे कोणताही कमीज कोणत्याही पायजम्यावर जावा. खालाला यात थोडं उदास वाटलं. तिला जरीचा सूट न्यायचा होता. तो सव्वा किलोचा होता, म्हणून घरीच राहिला. त्याबदली एक चांगली ओढणी घेऊ दिली.

आता थोडं अशा गोष्टीबद्दल, जी आपल्याकडे बोलली जात नाही. मांड्या काचणं. सफा आणि मरवा यांमधली एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची आहे. सात फेऱ्यांचे तीन किलोमीटरांच्या वर होतात, त्याआधी तवाफ, आणि रोज हॉटेलपासून हरमपर्यंतचं जाणं-येणं वेगळंच. ज्यांच्या मांड्या एकमेकींना लागतात, त्यांची पहिल्याच दिवशी सालटं निघतात. मग उरलेले दिवस इबादतीत लक्ष लागत नाही, सगळं लक्ष तिथंच. अनेकजणी परत आल्यावर पाय फाकवून चालताना दिसतात आणि म्हणतात, ‘गुडघे दुखतात.’

बायकांवर एहरामात शिवलेल्या कपड्याची बंदी नाही, त्यामुळे आपला उपाय सोपा आहे. पायजम्याच्या आत गुडघ्यापर्यंतची होजिअरीची चड्डी, सुती आणि अंगाबरोबर बसणारी. आम्ही प्रत्येकी चार नेल्या, आणि चार हा आकडा अजिबात कमी करू नये. बाहेरचा कमीज दोन दिवस चालतो, आतले कपडे रोज धुतलेलेच हवेत. त्याचबरोबर बिनवासाच्या व्हॅसलिनची छोटी डबी हातातल्या पिशवीत असावी. एहरामच्या हालतीत सुगंध वर्ज्य, म्हणून वासाची क्रीम, पावडर, साबण चालत नाहीत. डबीवर नीट वाचून घ्यावं. काचू लागल्यावर लावून उपयोग नाही, निघण्याआधी लावायचं.

पुरुषांची अडचण मोठी. एहरामात त्यांना आत शिवलेलं काही घालता येत नाही. भाईजानांच्या पोटाचा घेर ५४ इंच. बाजारातली एहरामची चादर साधारण सव्वादोन मीटर लांब असते. त्यांना ती गुंडाळली तर दीड वेढा होतो आणि चालताना पुढून उघडते. टूरवाल्यांनी दिलेल्या पिशवीत हीच सगळ्यांना एकाच मापाची जोडी होती. पण आम्ही पडलो सोलापूरचे. इथल्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते काय उगाच? ओळखीच्या कारखान्यातून भाईजानांनी टॉवेलचं पांढरं कापड पावणेतीन मीटर कापून घेतलं, खालच्यासाठी एक आणि वरच्यासाठी एक. अशा दोन जोड्या केल्या, एक टॉवेलची आणि एक साध्या सुती कापडाची. टॉवेलची जोडी गार हवेत ऊब देते आणि अंगावरून घसरत नाही. पण ओली झाली की विटेसारखी जड होते, म्हणून दुसरी सुतीच हवी. कमरेचा तयार पट्टाही त्यांना पुरला नाही. इमामसाहेबांना विचारून खात्री केली आणि पट्ट्याला लांब जोड लावून घेतला. मग आठवडाभर रोज संध्याकाळी ते गच्चीवर एहराम बांधून अर्धा तास चालत. शेजारच्या गच्चीवरची मुलं हसायची. भाईजानही हसायचे आणि चालायचे.

मुंबईहून जेद्दाला जाणारं विमान उतरण्याआधीच मीकात ओलांडतं. बरेच लोक विमानात एहराम बांधतात. भरल्या अंगाच्या माणसानं त्या फंदात पडू नये. विमानातल्या संडासात आपण कसेबसे मावतो, तिथं चादर कुठं पसरणार? भाईजानांनी मुंबई विमानतळावरच एहराम बांधला आणि नीयत मीकात जवळ आल्यावर केली. एक गोष्ट जाता जाता: सीटचा पट्टा पुरत नसेल तर विमानात जोडपट्टा मिळतो. आत शिरतानाच हवाईसुंदरीला हळूच सांगावं, ती आणून देते. खालाला हे कळलं तेव्हा तिची एक रात्रीची झोप परत आली.

बॅग भरताना आम्ही कपडे गुंडाळले नाहीत. लहान मापाचे कपडे गुंडाळून जागा वाचते. मोठ्या मापाच्या कमीजची वळकटी म्हणजे लोडच होतो. आम्ही बॅगेच्या रुंदीएवढी पसरट घडी केली, सगळे कमीज एकावर एक ठेवले आणि वरून गुडघ्यानं दाबून हवा काढली. पायजमे कडेच्या फटींत. स्वेटर एकही घेतला नाही. आमच्या मापाचा एक स्वेटर म्हणजे बॅगेचा चौथा हिस्सा. मदीनेला जानेवारीत फजरच्या वेळी चांगलं गार असतं. तिथं दोन कमीज एकावर एक घातले, वर बुरखा आणि शाल. एकमेकांवर बसतील अशा मापाचे कमीज आधीच शिवून घेतले होते. आणखी एक काळजी घेतली. चौघांच्या बॅगा वेगळ्या, पण प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या बॅगेत. एखादी बॅग मागे राहिली तर बाकीचे बाजारात जाऊन कपडे आणतील, आम्हाला ती सोय नाही. हातातल्या पिशवीतही एक जोड होताच. आमच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलो होते. जाताना एकाचीही बॅग १४ किलोच्या वर गेली नाही.

धुण्याचं काम रोज रात्री. मोठा कपडा पिळायला हातात ताकद लागते, आणि नीट पिळला गेला नाही तर सकाळी ओलाच. आम्ही धुतलेला कमीज कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची गुंडाळी करायचो आणि तिच्यावर उभं राहायचो. एरवी ज्या वजनाची चेष्टा होते, ते इथं कामाला येतं. मक्केची हवा कोरडी. हँगरवर टाकलेला पातळ सुती कमीज फजरपर्यंत वाळलेला असायचा.

पाचव्या की सहाव्या दिवशी आमच्या काफिल्यातल्या एका बाईची सलवार सईच्या चौथ्या फेरीत मांडीवर उभी फाटली. बाई खालाच्याच अंगाच्या. वरून बुरखा होता, कुणाला काही दिसलं नव्हतं, पण त्या जागीच थिजल्या. सई कशीबशी पुरी केली आणि हॉटेलवर येऊन रडत बसल्या. त्यांनी सात सूट आणले होते. त्यातले चार जरीचे, अंगाला काचणारे, आणि दोन धुवायला दिलेले. खोलीतल्या तिघींनी आपापल्या बॅगा उघडल्या. कुणाची सलवार त्यांच्या गुडघ्याच्या वर जाईना. खाला उठली, आपला मोठ्या मियानीचा पायजमा आणि होजिअरीची एक चड्डी घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि तासभर आली नाही. दोघी काय बोलल्या ते आम्हाला माहीत नाही. परत आली ती एवढंच म्हणाली, “आता मला तीनच उरले. जरा रोज धुवा.” त्यानंतर त्या बाई आणि खाला रोज इशाला बरोबर जात.

अबायाच्या बाजाराबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथं बायका हमखास फसतात. तिकडच्या अबायावर ५२, ५४, ५६, ५८, ६० असे आकडे असतात. ते इंचांतले, पण लांबीचे, छातीचे नव्हेत. आपल्याकडे छातीच्या मापाची सवय. ५४ छातीची बाई ५४ नंबर मागते, तो खांद्यात अडकतो; मग ६० घेते, तो अंगात बसतोच असं नाही आणि जमिनीवर मात्र लोळतो. आपल्या उंचीचा नंबर धरावा आणि रुंद कटाचा, पंखासारख्या बाह्यांचा अबाया दाखवायला सांगावं. दुकानदाराला मापाची टेप लावू द्यावी, त्यात लाज कसली. आमच्या धाकटीनं टेप सोलापूरहूनच नेली होती.

परतीच्या बॅगेत खजूर, टोप्या, जानमाजी आल्या आणि वजन २० किलोच्या आसपास गेलं. जागा होती म्हणून नवी पिशवी घ्यावी लागली नाही. दोरीनं बांधलेली गाठोडी जेद्दा विमानतळावर घेत नाहीत. आमच्यापुढच्या एका कुटुंबाला तिथं जमिनीवर बसून सगळं पुन्हा भरावं लागलं.

शेजारच्या भाभी येत्या मे महिन्यात निघाल्या आहेत. त्या अंगानं आमच्याहून दोन बोटं जास्तच. त्यांना आम्ही शाल काढून ठेवायला सांगितली आहे आणि टॉवेलचा एहराम नको, दोन्ही जोड्या सुतीच घ्या असं त्यांच्या मिस्टरांना कळवलं आहे. उन्हाळ्यात घाम दुप्पट, तेव्हा होजिअरीच्या चड्ड्या चाराऐवजी सहा आणि व्हॅसलिनच्या डब्या दोन. खालानं आपला मियानीवाला पायजमा नमुन्यासाठी त्यांच्या टेलरकडे पाठवला आहे. तो अजून परत आलेला नाही.