गिरणीतला प्रसंग काढू नकोस

चि. सोनूस,


तू पाठवलेली कादंबरीची प्रकरणं वाचली. पतसंस्थेच्या चेअरमनचा मृतदेह सापडतो ते पान पुन्हा एकदा काढून वाचलं, इतकं ते जमलंय. आता तुझा प्रश्न. विनोदी प्रसंगांमुळे उत्कंठा सैल पडते असं तुझ्या मित्रमंडळींचं म्हणणं आहे, तर पिठाच्या गिरणीतला प्रसंग काढून टाकू का, असं तू विचारलंयस. अजिबात काढू नकोस. छोट्या गावातल्या रहस्यकथेत हसू आणि धाकधूक एकाच ठिकाणाहून येतात, असं माझं पक्कं मत आहे. गावात प्रत्येकाची प्रत्येकावर नजर असते. खुनाआधी त्या नजरेची गंमत वाटते, खून झाला की तीच साक्षीला उभी राहते. हसू काढलंस तर धाकधूकही जाईल.

हे मला अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज'नं शिकवलं. १९३० सालचं पुस्तक. मिस मार्पलची ही पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड नावाचं इंग्लंडमधलं काल्पनिक खेडं, आणि गोष्ट सांगणारा तिथला पाद्री क्लेमंट. सुरुवातीलाच घरात जेवण चाललंय. पाद्रीबुवा हातात सुरी घेऊन चिवट मांस कापताहेत. मोलकरणीला स्वयंपाक येत नाही, आणि जवळजवळ वीस वर्षांनी लहान असलेल्या बायकोला संसारात फारसं लक्ष घालायची हौस नाही. तेवढ्यात कर्नल प्रोथेरोचा विषय निघतो आणि हा सज्जन धर्मोपदेशक बोलून जातो, की त्या माणसाचा कुणी खून केला तर जगावर उपकारच होतील. टेबलावर बसलेला पुतण्या लगेच चिडवतो, की म्हातारा मेला की हे वाक्य तुमच्याच अंगाशी येणार. आपण हसतो. मग कर्नल याच घरात, पाद्र्याच्याच लिहिण्याच्या टेबलाशी, डोक्यात गोळी लागून मेलेला सापडतो. त्या जेवणात ख्रिस्तीबाईंनी दोन-तीन पानांत किती काम करून घेतलंय पाहा. मेलेला माणूस गावाला नकोसा होता हे कळलं, घरातला बेबनाव दिसला, आणि सांगणाऱ्यावरही संशयाची सावली पडली. हे सगळं आपण हसत असताना झालं, म्हणून आपण सावध नव्हतो.

डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीनं १९४८ साली रहस्यकथांवर एक निबंध लिहिला होता. खुनाची गोष्ट रंगायची तर आधी समाज निष्पाप दिसायला हवा, म्हणजे प्रेताचा डाग उठून दिसतो, असा त्याचा विचार. निबंध फार चांगला आहे, पण सेंट मेरी मीडच्या बाबतीत मला तो पटत नाही. हे गाव पहिल्या पानापासून निष्पाप नाही. चहाला जमलेल्या बायका कोण कुणाकडे किती वेळ गेलं, कोणी कुणाचं चित्र काढताना काय चाललं होतं, याचाच हिशेब मांडत बसलेल्या असतात. गावात पाणी मुरतंय हे आपल्याला विनोदातूनच आधी कळतं. खुनानं फक्त ते वर येतं.

आता घड्याळाचं बघ. अभ्यासिकेतलं घड्याळ आडवं पडून सहा बावीसला थांबलेलं सापडतं. पण पाद्र्याच्या घरात ते मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेलं असतं, कामाला उशीर होऊ नये म्हणून. गावातल्या घराघरांत असतात तशीच ही खोड. पाद्री इन्स्पेक्टर स्लॅकला ते सांगायला जातो. स्लॅक मात्र इतका घाईचा आणि इतका हुशारीचा, की समोरच्याचं ऐकूनच घेत नाही. मला हवं ते मी विचारीन, तुम्ही गप्प बसा, असं तो बजावतो, आणि पाद्री खरोखरच गप्प बसतो. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, दर वेळी हसू येतं आणि त्याच वेळी जीव टांगणीला लागतो, कारण आता सगळा तपास चुकीच्या वेळेवर उभा राहणार हे आपल्याला दिसत असतं. यातला विनोद काढून दाखव बरं. काढलास तर रहस्याची गाठच सुटेल.

आणि मिस मार्पल! पाद्र्याच्या शेजारीच तिची बाग. दुर्बिणीतून पक्षी बघायचा छंद, त्यामुळे वाटेवरून कोण गेलं-आलं ते तिच्या नजरेतून सुटत नाही. पोलिसांना ती सांगते की अमुक बाई इकडून गेली तेव्हा तिच्या हातात साधी पर्ससुद्धा नव्हती. कुचाळकीत शोभणारी गोष्ट, पण पिस्तूल कुठे लपवलं असेल हा प्रश्न तिच्यावरच अडतो. कुणाकुणावर संशय घेता येईल असं विचारल्यावर तिच्याकडे सात नावं तयार असतात. १९२७ सालच्या तिच्या अगदी पहिल्या कथेतही, न सुटलेल्या रहस्यांच्या गप्पा चालू असताना तिला कुणा बाईच्या हरवलेल्या सोललेल्या कोळंब्या आठवतात. ऐकणाऱ्यांना वाटतं म्हातारी भरकटली. भरकटलेली नसतेच ती. माणसाच्या स्वभावाचे नमुने गावात मोजकेच असतात आणि तिनं ते सगळे जवळून पाहिलेले असतात.

ही म्हातारी कुठून आली तेही तुला सांगते, कारण तुझ्या कादंबरीतल्या निवृत्त बालवाडीताईंशी त्याचा संबंध आहे. ख्रिस्तीच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरच्या कादंबरीत डॉक्टरची एक थोरली अविवाहित बहीण आहे, कॅरोलाइन. घरबसल्या गावभरच्या बातम्या गोळा करणारी. लेखिकेचा तिच्यावर जीव होता. १९२८ साली त्या गोष्टीचं नाटक झालं तेव्हा नाटकवाल्यांनी कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक तरुण, सुंदर मुलगी आणली. हे लेखिकेच्या मनाला फार लागलं, आणि मिस मार्पल बहुधा या कॅरोलाइनमधूनच आली असावी असं तिनं आत्मचरित्रात सांगितलंय. म्हणून बालवाडीताईंच्या जागी तरुण पत्रकार मुलगी आण, हा जो सल्ला तुला मिळालाय, तो साफ धुडकावून लाव. तरुण पत्रकार आली की गावात सगळे जपून बोलतात. बालवाडीताईंसमोर कोण जपणार? निम्म्या गावाची नाकं त्यांनी पुसलीत.

एक गोष्ट मात्र ख्रिस्तीची घेऊ नकोस. त्या पुस्तकात पात्रं आणि उपकथानकं जास्त झाली असं तिलाच नंतर वाटलं होतं, आणि ते खरं आहे. मध्यावर उत्खननवाल्या डॉक्टरांचं प्रकरण येतं तेव्हा मीसुद्धा पानं भराभर उलटते. तुझ्याकडे दोन भाऊबंदकीचे दावे, एक पळून गेलेली सून आणि वाळूचे ट्रक आहेत. त्यातला एक दावा काढून टाक, ट्रक राहू देत.

आता गिरणी. प्रसंग गोड आहे, पण अजून नुसताच गोड आहे. तिथली ती डबा घेऊन उभी राहिलेली बाई बडबडते ना, घरी पाहुणे बसलेत आणि ज्वारी अर्धीच दळून झाली? तिला आणखी एक वाक्य दे. त्या दिवशीही असंच झालं होतं, चारला दहा कमी असताना लाइट गेली ती दिवेलागणीलाच आली, आणि सासूनं भाकरीवरून घर डोक्यावर घेतलं. बायका हसू देत, वाचकही हसू दे. पुढे दहाव्या-बाराव्या प्रकरणात चेअरमनचा मेहुणा छातीठोकपणे सांगेल, की साडेचारला मी बाजारपेठेत झेरॉक्स काढत होतो. पोलीस ते लिहून घेतील. बालवाडीताई काहीच बोलणार नाहीत, घरी येऊन त्या बाईला बोलावतील आणि विचारतील, अगं, तुझी ज्वारी कुठल्या दिवशी अडकली होती?

मात्र झेरॉक्सच्या दुकानात इन्व्हर्टर नाही हे आधी कुठेतरी सहज येऊ दे, नाहीतर चाणाक्ष वाचक तुला पकडेल. गावातल्या सगळ्या भागाची लाइट एकाच फीडरवर आहे का, तेही बसवून घे. तुझ्या बाबांना विचार, त्यांना हे बरोबर माहीत असतं.

हवालदाराचे पोटावरचे विनोद तेवढे काढ. ते कुठल्याही गावात चालतील, तुझ्या गावाचे नाहीत. सुधारलेलं गिरणीचं प्रकरण आधी पाठव, बाकीचं सावकाश.

तुझी,
मावशी